दुसरं भांडं कशाला?

घरी बिअर करणं हा अमेरिकेतला चांगलाच रुजलेला छंद आहे. आपल्याकडे हे वाचून भुवया उंचावतील, कारण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. (तेव्हा मंडळी, हा लेख वाचायचा, करून बघायचा नाही!) इथेही केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली ती १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केल्यावर. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, तेही फक्त स्वतःसाठी, विकायला नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत तर त्यासाठी २०१३ उजाडावं लागलं.

कृती तशी सोपी. माल्टचं गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं आणि झाकण लावून ठेवून द्यायचं. नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा. आठवड्याभरात बुडबुडे मंदावतात आणि तळाशी गाळ बसतो. इथे वादाला तोंड फुटतं. जुन्या पद्धतीप्रमाणे आता सायफनच्या नळीने बिअर दुसऱ्या भांड्यात काढायची आणि गाळ मागे ठेवायचा. का? तर मेलेलं यीस्ट कुजून बिअरला वाईट चव येते म्हणून.

माझं स्पष्ट मत असं, की साध्या बिअरसाठी हे दुसरं भांडं निव्वळ उपद्व्याप आहे.

ही भीती आली कारखान्यांतून, आणि तिथे ती खरीच आहे. तिथल्या टाक्या काही मीटर उंच असतात, तळाच्या निमुळत्या भागात यीस्टचा जाड थर दाबाखाली आणि स्वतःच्याच उष्णतेत अडकतो. आपल्या बादलीत बिअरची उंची जेमतेम हातभर, आणि गाळ तळभर पातळ पसरलेला. तीन-चार आठवडे त्यावर बिअर राहिली तरी सहसा काही बिघडत नाही. शिवाय पूर्वी हौशी लोकांना मिळणारं यीस्ट पुष्कळदा जुनाट असे, आताचं ताजं आणि दमदार असतं. जॉन पामर यांचं 'हाऊ टू ब्रू' हे या छंदातलं प्रमाण पुस्तक. सुरुवातीला त्यांनीही दुसरं भांडं सुचवलं होतं. पुढे साध्या एलसाठी त्याची गरज नाही, असं त्यांनीच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, गरज नसेल पण तोटा काय? तोटा आहे. लोणच्याच्या बरणीत ज्याने-त्याने चमचा घातला की काय होतं, ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. प्रत्येक वेळी नळी, हात आणि हवा यांच्याबरोबर जंतू आत जाऊ शकतात. त्याहून वाईट म्हणजे प्राणवायू, त्याने बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. आणि ज्याला आपण नुसता गाळ समजतो त्यातलं बरंचसं यीस्ट जिवंत असतं. हिरव्या सफरचंदासारखा किंवा लोण्यासारखा जो कच्चा वास सुरुवातीला येतो, तो हेच यीस्ट शेवटच्या दिवसांत साफ करतं. घाईने बिअर काढून घेतली की सफाई अर्धवट राहते.

मी एकदा एकच घाणा दोन भागांत करून पाहिला, एक बादलीतच ठेवला आणि एक हलवला. मित्रांपुढे तीन-तीन ग्लास ठेवले, दोन सारखे आणि एक वेगळा. बहुतेकांना वेगळा ओळखता आला नाही. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण ज्या कामाचा फायदा जिभेला कळत नाही त्यासाठी धोका का पत्करावा?

अपवाद आहेत. फळं घालायची असतील, ओकच्या लाकडाचा स्वाद द्यायचा असेल किंवा बिअर महिनोन्‌महिने मुरवायची असेल, तर दुसरं भांडं जरूर वापरावं. एरवी हायड्रोमीटरवर दोन-तीन दिवस तोच आकडा आला की थेट बाटल्या भराव्यात.

मला वाटतं, ही प्रथा टिकली ती गाळाच्या भीतीपेक्षा आपल्या अस्वस्थपणामुळे. तीन आठवडे नुसतं बसून राहणं माणसाला जमत नाही, हाताला काहीतरी चाळा लागतो. तसं असेल तर दुसरं भांडं खुशाल विकत घ्या, पण त्यात दुसरा घाणा लावा. पहिला बिचारा शांतपणे मुरू दे.