उद्यमबागेतलं माप स्लॅबवर का चढत नाही?

‘आजकालचं सिमेंटच खराब. आमच्या आज्ज्यानं बांधलेलं घर बघा, अजून भेग नाही.’ बेळगावात गिलावा फुगला, छताची खपली पडली, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते आधी खोडून काढायला हवं, कारण त्याच्या आडोशाला कंत्राटदार, मेस्त्री, इंजिनिअर आणि मालक असे चौघेही निर्धास्त बसलेले असतात.

जुनं टिकलं ते आपल्याला दिसतं; पडलं ते कोण मोजतो? बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४ साली रट्टांच्या दरबारातल्या मंत्री बिचिराजानं उभारली आणि ती आजही शाबूत आहे. पण त्या काळच्या साध्या माणसांची घरं कुठं गेली? ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगावजवळच्या बडाल अंकलगी गावात पावसानं भिजलेली मातीच्या घराची भिंत कोसळून सात जण गेले. जुनेपणा म्हणजे मजबुती असती तर ही माणसं वाचली असती. जी जुनी घरं टिकली त्यांना कौलांचा खडा उतार होता, पुढं आलेली वळचण होती. भिंतीला पाणी लागणारच नाही अशी तजवीज होती. आपण वळचण काढून टाकली, छप्पर सपाट केलं आणि आता सिमेंटच्या नावानं बोटं मोडतो.

दुसरा बचाव पावसाचा. बेळगावचा पाऊस मुरवणी असतो, हे खरं. पण तो काही अचानक येत नाही. जूनमध्ये येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गच्चीला शंभर फुटांत फूटभर उतार दिला, छज्ज्याच्या खालच्या अंगाला बोटभर खाच ठेवली, पन्हाळीचं तोंड मोकळं राखलं, तर तोच पाऊस निमूट वाहून जातो. निपाणीकडच्या काळ्या जमिनीचंही तसंच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायाला वरखाली ढकलते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. त्या भेगेत दर दिवाळीला पुट्टी भरणं हा उपाय नव्हे. पाया ओल-सुकेच्या थराखाली न्यावा आणि भिंतीलगत पाणी साचू देऊ नये.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत घातक आहे: ‘सिमेंटची दोन पोती जास्त टाका, म्हणजे झालं.’ उद्यमबागेतल्या, बेळगावच्या या औद्योगिक वसाहतीतल्या, माणसानं असं म्हणावं याचं मला खरोखर दुःख होतं. इथल्या फाउंड्रीत साच्याच्या वाळूतली ओल टक्क्यांत मोजतात, कारण ती वाढली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल येतात आणि पीस रिजेक्ट होतो. मशीनशॉपमध्ये मायक्रॉनचा हिशेब चालतो. आणि त्याच आवारात नव्या शेडचा स्लॅब घालताना काय होतं? मिक्सरमधून माल पडतो, वरून आरोळी येते, ‘माल घट्ट झालाय, जरा ढिला कर’, आणि पोऱ्या बादलीभर पाणी ओततो. ते पाणी कुणीही मोजलेलं नसतं.

पन्नास किलोच्या पोत्याला वाळूतली ओल धरून साधारण पंचवीस लिटर पाणी लागतं. वर दहा लिटरची एक बादली गेली तर सुमारे तिसरा हिस्सा ताकद जाते. पाणी-सिमेंटाच्या प्रमाणाचा हा नियम डफ अब्राम्स यांनी शिकागोत १९१८ मध्येच मांडला. जादा पाणी पुढं उडून जातं आणि काँक्रिटमध्ये केसाहून बारीक वाटा सोडतं. त्या वाटांनी हवा आणि ओल सळईपर्यंत पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून खालचं काँक्रिट फुटतं. दहा-बारा वर्षांच्या शेडमध्ये मान वर करून बघा: जिथं कव्हर ब्लॉक न ठेवता सळई थेट सेंट्रिंगच्या पत्र्यावर टेकली होती, तिथं सळईच्या रेषेत तांबूस डाग उतरलेला असतो. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो, वरून लेप देतो. आत गंजाचं काम चालूच राहतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. उद्यमबागेत जी शिस्त लोखंडाला आहे, तीच काँक्रिटला लावा. ‘परवडत नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. पाणी कमी ओतायला पैसे पडत नाहीत. वीस मिलिमीटरचा कव्हर ब्लॉक साइटवरच उरल्या मालातून पाडता येतो. पाणी मारायचं ते आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित पीपीसीला किमान दहा. आज बहुतेक पोती पीपीसीचीच असतात, आणि तरी तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळला जातो. तो गुंडाळणाऱ्या मजुराला दोष देऊ नका. दहा दिवसांची हजेरी मालकानं कधी धरलेलीच नसते.

गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखं सिव्हिल शिकवणारं कॉलेज इथंच, उद्यमबागेत आहे. माल पडताना दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरून ठेवणं, अठ्ठावीस दिवसांनी ते प्रयोगशाळेत फोडून बघणं अवघड नाही. येणाऱ्या उन्हाळ्यात जे कारखानदार शेड बांधणार आहेत, त्यांनी कंत्राटाच्या कागदावर सिमेंटच्या ब्रँडच्या वर तीन ओळी घालाव्यात: पोत्यामागं पाणी किती लिटर, पाणी किती दिवस मारणार, आणि क्यूब नापास झाला तर स्लॅब कोणाच्या खर्चानं पाडायचा.