सही जुळत नाही

सह्या तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची आणि शेपटी जरा वेगळी दिसली की 'सही जुळत नाही' असा शेरा मारायचा, एवढंच आमचं कर्तृत्व. त्यामुळे कन्या कीबोर्डच्या क्लासातून 'की सिग्नेचर' नावाचं प्रकरण घरी घेऊन आली, तेव्हा वाटलं, चला, हे आपल्या खात्यातलं दिसतंय.

कन्येला थिअरीत वीसपैकी तीन मार्क होते. "बाबा, मला संगीत येतच नाही," ती म्हणाली. जी पोरगी गाणं एकदा ऐकून बिनचूक वाजवते, ती! मी क्लास गाठला.

"सर, जी मेजरला एक शार्प आणि डी मेजरला दोन, असं का हो?"

"ते पाठ करायचं असतं."

"करते ती. पण का?"

"परीक्षेत 'का' विचारत नाहीत."

इथे माझं डोकं फिरलं. पाठांतरासाठी एक इंग्रजी वाक्य दिलेलं. त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं घेतली की शार्पांचा क्रम मिळतो : एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. त्यात कुणी फादर चार्ल्स खाली उतरून लढाई संपवतात. फ्लॅटांना तेच वाक्य उलटं. त्यात लढाई आधीच संपते आणि मग चार्ल्सचा बाप खाली जातो. पोरीला या चार्ल्सची कुळकथा मुखोद्गत, पण शार्प मुळात लावतात कशाला, ते कुणी सांगितलेलं नाही.

अहो, ही सही नाहीच. हा स्थायी आदेश आहे! अमुक रक्कम दरमहा कापा, असं ग्राहक एकदा लिहून देतो. मग महिन्या-महिन्याला अर्ज नको. तसं ओळीच्या आरंभी एफच्या रेघेवर शार्पची खूण केली की पुढचा प्रत्येक एफ अर्धा स्वर चढा. (मध्ये नॅचरलची खूण आली तर तेवढ्या बारपुरता आदेश तहकूब.)

आणि 'का'चं उत्तर माळ्यावर होतं, आमच्या तीर्थरूपांच्या पेटीत. धूळ झटकली. पांढरी एक सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या : आपला बिलावल थाट, साहेबाचा मेजर स्केल. ग-म आणि नी-सा अगदी शेजारी, बाकी प्रत्येक जोडीच्या मध्ये एक काळी. "आता पांढरी पाच सा धर," मी म्हटलं. पोरगी धपर्यंत सुखरूप गेली आणि पुढे अडखळली. "बाबा, नी कोमल लागतोय!" बोट आपणहून काळी तीनवर गेलं. तोच एफ शार्प. झाली जी मेजरची सही! आता इथला प नवा सा धरा. आधीचा शार्प राहतो, एक वाढतो, आणि तोही नव्या नीवरच. उलट म चा सा करत गेलात तर फ्लॅट वाढतात, ते नव्या मवर.

एक शार्पचं हे खातं जी मेजर आणि ई मायनर यांचं जॉइंट असतं. सध्या कोण चालवतंय ते सही पाहून कळत नाही, व्यवहार पाहावे लागतात.

सरांचं म्हणणं, पाठ असल्याशिवाय वाचनाला वेग येत नाही. कबूल. पाढे मीही घोकलेत. पण 'तीन चोक बारा'च्या आधी आमच्या बाईंनी चिंचोक्यांचे ढीग मांडून दाखवले होते. ज्या पोरांच्या कानात सरगम बसलेली आहे, त्यांच्याकडून पंधरा सह्या आंधळेपणी घोकून घ्यायच्या आणि वर त्यांनाच 'संगीत येत नाही' असं वाटायला लावायचं? हा शेरा चुकीच्या चेकवर पडलाय.

परवा कन्या प चा सा करत करत सात शार्पांपर्यंत पोचली आणि थबकली. "बाबा, ही तर काळी एक! पाच फ्लॅट लिहिले तरी याच पट्ट्या लागतात. मग सात कोण लिहील?"

बाखनं १७२२च्या आपल्या संग्रहात लिहिलेत खरे. पण मी ते बोललो नाही. पाचात भागत असताना सात रकाने भरायला लावणारी माणसं मी रोजच बघतो. तो प्रश्न वहीत लिहून घेऊन मी तिला थेट सरांकडे पाठवलं आहे.