दोन मिनिटांचं काम

आमच्या सोसायटीच्या जनरेटरवरचा व्होल्टमीटर परवा बिघडला. नवा बसवायला आलेला मुलगा माझाच जुना विद्यार्थी. जनरेटर थांबलेला पाहून त्याने थेट पॅनेलमध्ये स्क्रू ड्रायव्हर घातला. मी ओरडलो. तो हसून म्हणाला, "सर, बंद आहे. दोन मिनिटांचं काम."

मंडळी, मी मराठीचा मास्तर. पण 'बंद' या शब्दाचा अर्थ मला कळतो आणि जनरेटरची माहिती-पुस्तिकाही वाचता येते. जनरेटर 'ऑटो'वर होता; वीज गेली की आपोआप सुरू होणारा. शिवाय त्याच पॅनेलमध्ये बाहेरची थ्री-फेज लाइन जिवंत होती. याला बंद म्हणायचं?

कमिटीतले एक गृहस्थ कुरकुरले, "मास्तर, एवढ्यासाठी अर्धा तास लिफ्ट बंद ठेवायची? हे लोक वीस वर्षं असंच करतात." वीस वर्षं केलेल्या चुकीला अनुभव म्हणत नाहीत हो, फार तर नशीब म्हणतात! आणि नशीब त्या पोराचं पणाला लागतं, तुमचं नाही.

मी हट्टच धरला. जनरेटर 'ऑफ'वर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, पॅनेलच्या अलीकडचा मेन स्विच पाडून त्याला कुलूप आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. मग मल्टीमीटरने तपासणी. तीही आधी तो मल्टीमीटर चालू सॉकेटवर पडताळून, आणि नंतर पुन्हा एकदा. कारण मेलेला मल्टीमीटरही शून्यच दाखवतो!

आता नव्या मीटरची गंमत ऐका. त्याची पट्टी ३०० व्होल्टपर्यंतच होती आणि जुन्याच्या तारा दोन फेजमधून आलेल्या, म्हणजे ४१५ व्होल्ट! घाईत जोडला असता तर काय झालं असतं, सांगायला नको. दुकानात जाऊन ५०० चा आणला. जुन्या तारेत फ्यूजच नव्हता, तोही बसवला. मगच सगळं पूर्ववत करून जनरेटर सुरू केला. काटा ४१५ च्या आसपास स्थिर झाला.

लिफ्ट अर्धा नाही, सव्वा तास बंद राहिली. गुडघे दुखत असूनही मी तीन मजले चढून घरी आलो. पोरगंही संध्याकाळी आपल्या घरी गेलं. असो. लिफ्टबद्दल ज्यांची तक्रार असेल, त्यांनी माझ्याकडे यावं.