वरण थांबत नाही

जळगाव-धुळ्याकडची लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते, आणि तेव्हा पारा सहज ४३-४४ अंशांवर असतो. अन्न वाचवायला निघालेल्या तरुणांनी सगळ्यात आधी हा पारा लक्षात घ्यायला हवा. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान शिजलेल्या अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात. अशा उन्हात तासाभराच्या वर ते उघडं राहिलं की धोका. दुपारच्या मुहूर्ताची शेवटची पंगत उठेपर्यंत तीन वाजतात, मग फोनाफोनी, गाडी, रिकामे डबे आणि वस्तीपर्यंतची वाट. पंगतीतली तळलेली बट्टी कोरडी, ती तग धरते. वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी धरत नाही.

पण म्हणून उरलेलं गोळा करून वाटणाऱ्या मुलांचं काम खोटं ठरत नाही. २०१४ साली दिल्लीत काही तरुणांनी सुरू केलेली ‘रॉबिन हूड आर्मी’ देशभर पसरली, आणि देणगीचा एक रुपयाही न घेता पसरली. औरंगाबादेत २०१५ च्या डिसेंबरात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक उघडली, तिथे मात्र लोक घरून ताज्या पोळ्या-भाजी आणून देत. फरक महत्त्वाचा आहे: ठरवून दिलेलं अन्न वेळेत पोचतं, चुकून उरलेलं क्वचितच. उरलेलं अन्न वाटण्यासाठी २०१९ पासून केंद्राचे नियमही आहेत. भुकेल्याला विषबाधा झाली, तर चांगल्या हेतूची सबब चालत नाही.

शिवाय नासाडीचा मोठा वाटा पातेल्यात नसतोच, तो पत्रावळीवर असतो. बट्टी कुस्करली, तिच्यावर वरण-तूप ओतलं, की ती उष्टी. कुठल्याही रोटी बँकेच्या हाताबाहेर गेली. तिथे फक्त वाढपी काही करू शकतो. गावजेवणात वाढपी कोण असतो? गावातलीच, मंडळातली पोरं. आग्रह करून चौथी बट्टी टाकायची की आधी अर्धी वाढून पुन्हा फेरी मारायची, हे त्यांच्याच हातात आहे. (बुफेने हा हात काढून घेतला, हा त्याचा खरा दोष.) आचाऱ्याजवळ उभं राहायलाही तीच पोरं हवीत: बट्ट्या उकडून ठेवायच्या आणि पंगतीचा अंदाज घेत घाण्याघाण्याने तळायच्या.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कमी पडलं तर यजमानाचं नाक कापलं जाईल. पण मागाहून तळता येणाऱ्या उकडलेल्या बट्ट्या हाताशी असल्या, की कमी पडण्याची भीती उरत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. मग लग्नांच्या मागे का लागायचं? कारण घरातलं पातेलं तरुणांच्या ताब्यात नसतं आणि पंगत असते. टाकायची लाज चारचौघांतच वाटते आणि टाकायची सवयही तिथेच लागते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास समाजकार्य करावं लागतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने या लग्नसराईत वाढप्याचे तास त्यात धरावेत.