चिठ्ठीतला प्रश्न

खापरखेड्यात वर्गणी म्हटली की जयंतीची, नाहीतर विहाराच्या स्लॅबची. यंदा आम्ही पावतीबुक काढले ते बायांसाठी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर कळला तर बरा होतो. पण तपासणीला नागपूरच्या मेडिकलला जायचे तर गाडीभाडे लागते, रोजी बुडते. तेवढे वर्गणीतून निघावे.

सोबत एक कार्यक्रम. बिननावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, डॉक्टरीणबाई उत्तरे देतील. पाळी, संततिनियमन, नवराबायकोचे सुख, पुरुषाचे पुरुषावरचे प्रेम, काहीही विचारा. तृतीयपंथी भगिनींनाही आमंत्रण आहे, आणि बसायला पहिली रांग.

पॉवर हाउसातून रिटायर झालेले एक काका तडकले, "असले विषय बाबासाहेबांच्या फोटोसमोर?"

काका, र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना छापून उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधही होते. १९३४ साली मुंबईत कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेबच. विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील होत नाही, असे त्यांनी कोर्टाला सांगितले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुढे १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाने विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला. मासिक मात्र कर्वे १९५३ मध्ये जाईपर्यंत चालले.

काका अजून रागातच आहेत. असोत. डबा विहाराच्या ओसरीत ठेवला आहे. ज्या आईला लिहिता येत नाही तिने महिला मंडळाच्या ताईंच्या कानात सांगावे, त्या लिहून टाकतील.