खोडलेलं परत मिळतं, पण…

मैत्रिणींनो, हल्ली घरखर्चाचा हिशेब, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, आईच्या तोंडून उतरवलेल्या पाककृती, सगळं वहीतून संगणकात गेलंय. वहीत खोडलेलं निदान वाचता तरी येतं. संगणकात मजकूर पुसून फाइल सेव्ह करून बंद केली, की जुनं सहसा गेलंच! पेनड्राइव्हवर नक्कल असली, तरी बिघडलेली फाइल तिच्यावर चढवली की तीही गेली. आणि त्या पाककृती पुन्हा विचारायला प्रत्येकीला आई असतेच असं नाही.

यावर प्रोग्रॅमर मंडळींचा एक उपाय आपल्यालाही उपयोगी पडतो. त्याचं नाव 'गिट'. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी तो २००५ साली तयार केला. मिळतो फुकट.

कृती अशी: गिट बसवून घ्या आणि आपल्या फोल्डरमध्ये 'गिट इनिट' ही आज्ञा एकदाच द्या. रोजचं काम संपलं, की 'गिट ॲड'ने बदललेल्या फायली निवडा आणि 'गिट कमिट'ने नोंद करा. सोबत एक ओळ लिहा, जशी 'दिवाळीचा खर्च मांडला'. पुढे 'गिट लॉग' म्हटलं, की तारीखवार यादी समोर येते. हव्या त्या नोंदीचा क्रमांक देऊन 'गिट रिस्टोअर'ने जुनी फाइल परत आणता येते.

खरी मेख पुढेच आहे. या साऱ्या नोंदी त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या कप्प्यात राहतात. डिस्कच बिघडली तर मूळही गेलं आणि नोंदीही! घराची किल्ली आणि तिची जोडकिल्ली एकाच पर्समध्ये ठेवण्यातलाच प्रकार. म्हणून दर आठवड्याला 'गिट पुश'ने नोंदी पेनड्राइव्हवर पाठवा आणि तो कपाटात ठेवा. ही जोडणी सुरुवातीला एकदाच करावी लागते. कॉलेजात जाणारी भाची-पुतणी असेल तर तिला हाताशी घ्या.

दोन पथ्यं मात्र पाळा. लग्नाचे फोटो, व्हिडिओ यात घालू नका. पुसले तरी ते जुन्या नोंदींत राहतात आणि जागा अडवतात. याच कारणाने बँकेचे पासवर्डही नकोत.

आणि हो, महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवरून 'गिट क्लोन' करून फायली उघडतात का ते पाहा. लोणच्याची बरणी आपण मधूनमधून उघडून बघतोच ना? तसंच हे!