सिग्नलआधी कोपरे मोकळे करा

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर गाड्या अडकल्या की आपण आधी सिग्नलला नावं ठेवतो, मग हवालदाराला. सिग्नलची वेळ वाढवा, पोलीस वाढवा, ही मागणी सोसायटीच्या सभेपासून नगरसेवकाच्या कार्यालयापर्यंत ऐकू येते. मागणी करा, जरूर करा. पण तिच्याआधी नाक्याचे कोपरे मोकळे ठेवा, ते आपल्या हातात आहे.

हिरवा दिवा फक्त परवानगी देतो. गाड्या किती निघणार, हे पुढचा रस्ता किती मोकळा आहे त्यावर ठरतं. वळणाच्या तोंडाशी प्रवाशाची वाट बघणारी रिक्षा, तिच्यामागे ‘आलोच दोन मिनिटांत’ म्हणून लावलेली स्कूटर, पलीकडे माल उतरवणारा टेम्पो. झालं, दोन रांगांचा रस्ता एका रांगेवर आला. अशा वेळी एका बाजूचा हिरवा वेळ वाढवला तर बाकीचे रस्ते तेवढे जास्त तुंबतात. टेंभी नाका, जांभळी नाका, कोर्ट नाका हे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की एका ठिकाणची रांग दुसऱ्या नाक्यात शिरायला वेळ लागत नाही.

दिवा हिरवा आहे, पण पुढे गाड्या थांबलेल्या आहेत. अशा वेळी काय कराल? बहुतेक जण पुढे घुसतात, कारण मागचा हॉर्न वाजवत असतो. पण मोटार वाहन चालनाचे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात, की चौकात अडकून पडणार असाल तर दिवा आपल्या बाजूने असला तरी चौकात शिरायचं नाही. हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू द्या.

झेब्रा पट्ट्यावर गाडी उभी करणाऱ्यांनी एक हिशोब करून पाहावा. पादचाऱ्याच्या वेळेसाठी चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १५ मीटर रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला बारा-तेरा सेकंद. हातात भाजीची पिशवी, गुडघे दुखणारे, आणि पट्ट्यावर उभ्या गाडीला वळसा. मग तो वेळ कसा पुरणार?

तक्रार करायची तर नीट करा. ‘वाहतुकीचा बोजवारा उडाला आहे’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यासाठी राहू द्या; त्यावर कुणालाच काही करता येत नाही. कोणता कोपरा, कोणते वार, किती ते किती वाजता, कशामुळे अडतं, एवढं लिहा आणि फोटो जोडा. दिवे बंद, खांब वाकलेला, पट्टे पुसलेले असतील तर अर्ज महापालिकेकडे. एकदिशा मार्ग, सम-विषम पार्किंग, प्रवेशबंदी, हे ठाणे पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे. असे बदल मोटार वाहन कायदा १९८८ खाली अधिसूचना काढून होतात आणि अनेकदा आधी प्रायोगिक तत्त्वावर असतात. त्या काळात हरकती-सूचना लेखी द्या. तेव्हा गप्प बसायचं आणि नंतर रिक्षावाल्याशी वाद घालायचा, यात अर्थ नाही.

आता नवरात्राबद्दल. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या इथल्या दुर्गेश्वरीच्या उत्सवाला ठाण्याबाहेरूनही भाविक येतात. त्या दिवसांत नाक्याभोवतीचे मार्ग बदलले जातात, कारण एवढी माणसं आणि गाड्या एका रस्त्यावर मावत नाहीत. तरी ‘आतपर्यंत जाऊन तर बघू’ म्हणणारे असतातच. ते बंद रस्त्याच्या तोंडाशी येऊन गाडी वळवायला लागतात आणि मागची बस अडकते.

डोंबिवली, कल्याण, मुलुंडहून दर्शनाला येणाऱ्यांनी लोकलने यावं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून टेंभी नाका चालत सहज गाठता येतो. ठाणेकरांनी घरातून निघण्याआधी पोलिसांनी जाहीर केलेले मार्ग पाहावेत. नाक्यावरच्या दुकानदारांना वेगळी विनंती आहे: माल सकाळी लवकर उतरवून घ्या, आणि गिऱ्हाइकाने कोपऱ्यावर गाडी लावली तर त्याला पुढे न्यायला सांगा. तुमचं तो ऐकेल, हवालदाराचं ऐकेलच असं नाही.